दोन सड, तीन करडे



शेळीला सड असतात दोन. हे मी नव्याने सांगावयास नको. गाईला चार, म्हशीला चार, आणि शेळीला दोनच. पण आपल्या भागातली शेळी पिले काही सड मोजून देत नाही. एका वेताला दोन करडे तर ती सहज देते. तीन देते. एखादी चारही देते. दोन झाली तर भांडण नाही. एकेकाच्या वाट्याला एकेक सड आला. तीन झाली म्हणजे तिसऱ्याने कोठे जावयाचे? आजच्या भाषणाचा विषय एवढाच आहे.

कोणी म्हणेल, महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला शेळीच्या सडांचे काय पडले आहे? माझे घर अर्धापूरचे. नांदेडहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर केळीच्या बागांतून गाडी चालू लागली की समजावे, आता अर्धापूर आले. ह्या बागांच्या कडेकडेने, कालव्याच्या भरावावर, रस्त्याच्या उतारावर दोन-दोन, चार-चार शेळ्या घेऊन फिरणाऱ्या बाया मी लहानपणापासून पाहतो आहे. त्यांचा जमाखर्च कोणत्याही वहीत नाही. पण तो जमाखर्च आहे, आणि त्यात तिसऱ्या करडाचे पान बहुतेक वेळा कोरे राहते. ते का राहते हे शोधणे माझ्या विषयाच्या बाहेरचे आहे असे मला वाटत नाही.

ह्या शेळीचे नाव उस्मानाबादी. काळी, उंच पायांची, लांब कानांची. तिचे मूळ ठिकाण म्हणजे जुना उस्मानाबाद जिल्हा. त्यातून १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला. म्हणून आज तुळजापूरकडची शेळी धाराशिव जिल्ह्यातली ठरते आणि उदगीरकडची लातूर जिल्ह्यातली. पुढे २०२३ साली उस्मानाबादचे नाव धाराशिव झाले. शेळीचे नाव मात्र अजून उस्मानाबादीच चालते. कोरडा चारा, ऊन, चालणे, सगळे ती सोसते, आणि जुळी देण्याबद्दल तिची ख्याती आहे. पण निसर्गाने तिला पिले दिली त्या मानाने दूध दिले नाही. दिवसाला अर्धा लिटरपासून फार तर दीड लिटर. दीड लिटरची शेळी ज्याच्या दारात असेल तो नशीबवान.

आता आपण एक छोटे गणित करू. गुरुजी, हे फळ्यावर मांडण्यासारखे आहे. तिळ्यांतले करडू जन्मताना दोन किलोच्या आसपास असते, कधी त्याहून कमी. करडाला रोज आपल्या वजनाच्या सुमारे सातव्या हिश्श्याइतके दूध हवे. म्हणजे दोन किलोच्या करडाला ३०० मिलिलिटर; तिघांना मिळून ९००. आई लिटरभर देत असेल तर पहिल्या आठवड्यात भागते. बाई म्हणते, काही चिंता नाही, तिन्ही पीत आहेत. तिसऱ्या आठवड्यात तीच करडे साडेतीन किलोंची व्हावयास हवीत. आता प्रत्येकाला ५०० मिलिलिटर, म्हणजे तिघांना दीड लिटर दूध पाहिजे, आणि आई देते लिटर-सव्वा लिटर. पाव ते अर्ध्या लिटरची तूट आली. ही तूट तिघे सारखी वाटून घेत नाहीत. दोघे दांडगे पोटभर पितात आणि सगळी तूट तिसऱ्याच्या वाट्याला येते. म्हणून पहिल्या आठवड्यात बरे दिसणारे करडू तिसऱ्या आठवड्यात अंग चोरून कोपऱ्यात उभे राहू लागते आणि एका सकाळी डालग्याखाली ताठ झालेले सापडते. लोक म्हणतात, थंडीने गेले. थंडी केवळ निमित्त असते.

आमच्या गल्लीतल्या एका मावशींना मी विचारले होते, "मावशी, तिसऱ्याला वरून दूध का पाजत नाही?" त्या म्हणाल्या, "सर, तिसरं देवाच्या नावचं. दोन जगली तरी लई झालं." ह्या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला. हे वाक्य अडाणीपणाचे आहे असे शहरातली माणसे पटकन म्हणतील. मला तसे वाटत नाही. ज्या बाईला सकाळी आठला दुसऱ्याच्या शेतात मजुरीला जावयाचे आहे, जिच्या घरात चहालाच दूध पुरत नाही, तिने दोन वाचवून एक सोडले तर तो तिच्या परिस्थितीने शिकवलेला हिशेब आहे. परंतु हिशेब चुकीचा असू शकतो, आणि हा चुकीचा आहे. पाच महिने त्या शेळीने चारा खाल्ला तो तिघांसाठी खाल्ला. पोटात तिघे वाढले. खर्च तिघांचा झाला आणि जमा दोघांची धरली. आता वरचे दूध मोजा. दुसऱ्या आठवड्यापासून पुढे सुमारे ४० दिवस, रोज ४०० मिलिलिटर दूध वरून पाजले तर एकूण १६ लिटर होते. तुमच्या गावच्या गाईच्या दुधाच्या भावाने ह्या १६ लिटरांना गुणा, आणि तुमच्या बाजारात तीन-चार महिन्यांचे बोकड किंवा पाट कितीला जाते ते त्याच्यापुढे लिहा. उत्तर मी सांगत नाही. ते तुमच्या बाजारावर अवलंबून आहे. पण लिहून पाहा.

मदत करावयाची म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर एकदम बाटली येते. माझे म्हणणे असे आहे की बाटलीचा नंबर शेवटचा. पहिली मदत आईला करावयाची, आणि ती ती व्यायच्या आधी. शेळी गाभण असते १५० दिवस, म्हणजे पाच महिने. त्यातले साडेतीन महिने पोटातली पिले फारशी वाढत नाहीत. वाढीचा मोठा हिस्सा, निम्म्याहून पुष्कळ अधिक, शेवटच्या सहा आठवड्यांत होतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत पोटात तीन पिलांची गर्दी झाल्याने चाऱ्याला जागा कमी पडते. ती नुसता कडबा चघळत राहिली तर पोट भरल्यासारखे दिसते. अंगाला काही लागत नाही. आपल्याकडे एक समज आहे की गाभण शेळीला खुराक घातला तर पिलू मोठे होऊन अडते. एकाच पिलाच्या, आधीच लठ्ठ असलेल्या शेळीबद्दल त्यात थोडे तथ्य असेल. जिचे पोट दोन्ही बाजूंना घागरीसारखे निघाले आहे तिला हा नियम लावणे म्हणजे तिची आणि पिलांची उपासमार करणे होय. अशी शेळी शेवटच्या पंधरवड्यात चारा सोडू लागली, कळपामागे राहू लागली, दात खाऊ लागली, एका जागी बसून राहू लागली, तर ती आळसावली असे समजू नका. आपल्या अंगातली चरबी जाळून ती पिलांना पोसत आहे, आणि ते तिला झेपेनासे झाले आहे. पशुवैद्याला त्याच दिवशी बोलवा.

मग द्यावयाचे काय? आमच्या अर्धापूरकडचा अनुभव असा की हिरवे तर चहूकडे दिसते, पण शेळीच्या कामाचे त्यात थोडेच. इसापूर धरणाच्या कालव्याचे पाणी आले, केळी आली, हळद आली. पडीक माळ आणि बांधावरच्या बोरी-बाभळी तेवढ्या कमी झाल्या. केळीची पाने शेळ्या आवडीने खातात. केळीचे खांबही चिरून घातले तर खातात. पण खांब म्हणजे बहुतेक पाणीच. त्याने तहान भागेल. दूध कोठून येणार? तेव्हा केळीच्या पानाबरोबर शेवरी, सुबाभूळ, हादगा ह्यांचा पाला, बाभळीच्या शेंगा, तुरीची किंवा हरभऱ्याची गुळी, ह्यांपैकी जे मिळेल ते हवेच. शेवरीची चार झाडे तर न्हाणीच्या सांडपाण्यावरही होतात. ह्यावर रोज पाव किलो खुराक द्यावा: मक्याचा भरडा, तूरचुणी, गव्हाचा कोंडा, थोडी शेंगदाण्याची पेंड, चिमूटभर मीठ आणि क्षारमिश्रण. व्याल्यावर तिळी असतील तर हा खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवत अर्ध्या किलोपर्यंत न्यावा. 'हळूहळू' ह्या शब्दावर मी जोर देतो. शेळी व्याली ह्या आनंदात पायलीभर ज्वारी पुढे ठेवली आणि दुसऱ्या दिवशी शेळीच गेली, अशी उदाहरणे प्रत्येक गावात आहेत. एकदम धान्य पडले की पोटात आंबते. आणि पाणी! दूध म्हणजे बहुतांशी पाणीच. दुभत्या शेळीपुढे स्वच्छ पाण्याची बादली दिवसभर असावी. व्याल्याबरोबर कोमट गूळपाणी देण्याची आपली जुनी पद्धत मला फार शहाणपणाची वाटते.

आंत्रविषाराची लस विण्याच्या महिनाभर आधी टोचून घेतली तर तिचा उपयोग आईला होतोच, शिवाय चिकातून पिलांनाही होतो. हे 'चिकातून' काय प्रकरण आहे, ते आता पाहू.

माणसाच्या मुलाला रोगाशी झगडण्याची काही शिदोरी आईच्या पोटातच मिळते. करडाला ती मिळत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी ह्यांच्या गर्भाला आईच्या रक्तातून ती शिदोरी पोचतच नाही. ती असते चिकात. आणि करडाच्या आतड्याचे दार ह्या शिदोरीसाठी पहिले काही तासच सताड उघडे असते. पुढे ते मिटत जाते, आणि २४ तासांनंतर जवळजवळ बंदच होते. नंतर लिटरभर चीक पाजला तरी तो नुसते अन्न म्हणून पचतो. म्हणून 'वार पडेपर्यंत चीक पाजू नये' हा जो समज आहे, त्याच्याइतके नुकसान लांडग्यानेही केले नसेल. वार कधी तासाभरात पडते, कधी सात-आठ तास घेते. तेवढा वेळ करडाने उपाशी का राहावे? उलट पिले सडाला लागली की वार पडावयास मदतच होते. पहिला चीक पिळून जमिनीवर टाकणारेही लोक आहेत. सडाच्या तोंडाशी चिकट बूच असते ते मोकळे करण्यासाठी एक-दोन धारा काढाव्यात, एवढेच खरे. बाकीचा चीक सोन्यासारखा जपावा.

तिळ्यांच्या बाबतीत ह्या पहिल्या तासात एक गंमत होते, आणि तिकडे आपले लक्ष नसते. पहिले करडू बाहेर येते, धडपडत उभे राहते, सड शोधते. दुसरे येते. आई दोघांना चाटण्यात गुंग होते. तिसरे सगळ्यांत शेवटी येते, बहुधा ते लहान असते, आणि ते येते तेव्हा पहिल्या दोघांनी कास बरीच रिकामी केलेली असते. म्हणजे ज्याला चिकाची गरज जास्त, त्यालाच तो कमी. तेव्हा शेळी तिळी देणार अशी शंका आली की पहिल्या दोघांचे थोडे पिणे झाल्यावर त्यांना जरा बाजूला धरा आणि वाटीभर चीक काढून झाकून ठेवा. दोन किलोच्या करडाला एका वेळी १०० मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक लहान कप, आणि असे पहिल्या दिवसात तीन-चार वेळा मिळाले पाहिजे. गावात कोणाच्या शेळीला एकच पिलू असेल तर तिचा जास्तीचा चीक मागून आणून बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवता येतो. वेळ आली की तो भांड्यासकट कोमट पाण्यात ठेवून पातळ करावा. चुलीवर उकळू नये. उकळला की त्याचा खरवस होतो. तो आपण खावा.

आणखी एक. आई करडांना चाटते तेव्हा ती नुसते अंग कोरडे करीत नसते. वासाने ती त्यांची नावे लिहून घेत असते. पहिल्या तास-दोन तासांत ज्यांचा वास तिच्या नाकात बसला ती तिची, बाकीची परकी. आपण काय करतो? तिसरे लहान, थंडीने काकडणारे म्हणून मायेने उचलतो, पाण्याने धुतो, फडक्यात गुंडाळून घरात चुलीपाशी नेतो आणि दोन तासांनी आईपुढे ठेवतो. आई हुंगते आणि शिंगाने उडवते. मग आपण म्हणतो, ही शेळी वाईट, पिलाला घेत नाही. करडू गार पडले असेल तर ऊब द्यावी लागेलच. पण ती आईच्या नाकापाशी द्या. कोरड्या गोणपाटाने चोळा, पाण्याने धुऊ नका, आणि पुन्हा तिला चाटू द्या. त्याच्या तोंडात बोट घालून पाहा. तोंड आतून गार लागले तर आधी ऊब आणि मग चीक. गारठलेल्या पोटात दूध ओतले तर ते पचत नाही. इतके करूनही शेळी लाथ मारीत असेल तर तिला दोष देण्यापूर्वी कास पाहा. एक बाजू गरम किंवा टणक आहे काय, सडाला चीर आहे काय, दुधात गुठळ्या येतात काय. ती दगडी असेल. दुखऱ्या सडाला कोणी तोंड लावू देईल?

आया सगळ्या सारख्या नसतात, हे सांगण्यासाठी थोडे विषयांतर करतो. शाळेत पांढरे ससे पाळणाऱ्या एका गुरुजींनी मला विचारले होते की सशीणीला दहा पिले झाली आहेत, आणि ती दिवसभर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. तेव्हा कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजावे काय? मी त्यांना सांगितले, थांबा. सशीण ही शेळी नव्हे. ती चोवीस तासांतून एकदा, बहुधा पहाटेच्या सुमारास, पेटीत जाते, तीन ते पाच मिनिटांत सगळ्यांना पाजते आणि बाहेर येते. तिचे दूध इतके घट्ट असते की त्यावर पिले दिवस काढतात. ती दूर बसते त्यात निष्ठुरपणा नाही. रानात घरट्यापाशी घोटाळणारी आई कोल्ह्याला वाटच दाखवील. सकाळी पिलांची पोटे पाहावीत. पोट गोल आणि तुकतुकीत असले तर ती प्यालेली आहेत. सुरकुतलेले असले तर उपाशी. सशीणीला सड बहुतेक आठ असतात, म्हणून दहा-बारा पिले झाली तर तिलाही तिसऱ्या करडाचाच प्रश्न पडतो. पण तिथे उपाय सोपा आहे. एक-दोन दिवसांच्या अंतराने व्यालेली दुसरी सशीण असेल तर दोन धष्टपुष्ट पिले उचलून तिच्या पेटीत ठेवावीत. धष्टपुष्ट अशासाठी की नव्या जागी ती टिकाव धरतात. सशीण पोटची-परकी असा भेद फारसा करीत नाही. शेळी करते. हाच नियम रानातल्या सशालाही लावा. हरभऱ्यात किंवा उसाच्या फडात एकटे बसलेले सशाचे पिलू दिसले की पोरे ते 'आईने टाकलेले' म्हणून घरी आणतात. ते टाकलेले नसते. आई अंधार पडल्यावर यावयाची असते. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने रानातला ससा पकडणे हा गुन्हा आहे. त्याला तिथेच ठेवा.

असो. आपण शेळीकडे वळू. शेळीची पिले दिवसभरात अनेकदा थोडे थोडे पितात. आणि आपण काय करतो, तर शेळी सकाळी नऊला चरावयास सोडतो आणि करडे डालग्याखाली झाकतो, ती संध्याकाळी पाचपर्यंत. आठ तास! संध्याकाळी डालगे उचलले की जे दांडगे ते आधी धावते. आपण कौतुकाने पाहतो. निदान पहिले पंधरा दिवस तिळ्यांच्या आईला लांब नेऊ नका. दारातच पाला आणून घाला, नाहीतर दुपारी एकदा तरी घरी आणा. पाजताना पाळी लावा. सकाळी लहान आणि मधले आधी, संध्याकाळी लहान आणि मोठे आधी. लहान्याला दोन्ही वेळा पहिला सड, ही त्याची सवलत. थोरल्यांनी रागवू नये.

ह्यावरही तूट राहते ती बाटलीने भरावयाची. पण बाटली कोणाला द्यावयाची? तुम्ही म्हणाल, अर्थात लहान्याला. मी म्हणेन, शक्य तर तिघांतल्या दांडग्याला. तो खादाड असतो, बाटली लगेच धरतो; त्याचे अर्धे पोट बाटलीने भरले की आईचा सड आपोआप लहान्याला मोकळा होतो. आईचे दूध लहान्याला जास्त मानवते. मात्र लहान्याला सड ओढण्याचीच ताकद नसेल तर बाटली त्याला.

दूध दुसऱ्या शेळीचे उत्तम, नाहीतर गाईचे. म्हशीचे दूध चरबीने जड असते. दुसरे काही नसेल तर थोडे थोडे द्यावे, एकदम पोटभर नको. दूध आपल्या मनगटावर टाकले असता कोमट लागावे. एका वेळी १५० ते २०० मिलिलिटर, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. करडू उभे असावे आणि त्याची मान आईच्या कासेखाली असते तशी किंचित वर. मांडीवर उताणे घेऊन पाजू नये. आणि बांबूच्या नळकांड्याने घशात ओतू तर मुळीच नये. त्याची दोन कारणे आहेत. एक तर दूध फुप्फुसात जाते आणि दोन दिवसांत करडू धापा टाकू लागते. दुसरे कारण जास्त मौजेचे आहे. शेळीचे पोट चार कप्प्यांचे. करडू चोखू लागते तेव्हा आत एक पन्हळ मिटते आणि दूध पहिले कप्पे चुकवून थेट चौथ्या, खऱ्या पचनाच्या कप्प्यात जाते. चोखले नाही आणि नुसते ओतले तर ती पन्हळ नीट मिटत नाही; दूध पहिल्या मोठ्या कप्प्यात पडून तिथे नासते. मग हगवण लागते. म्हणून रबरी बोंडी हवी, आणि ती व बाटली रोज गरम पाण्याने धुतलेली हवी.

आता घरातल्या मंडळींशी दोन शब्द बोलावयाचे आहेत, विशेषतः कर्त्या पुरुषांशी. शेळी व्याली की चार दिवसांत चहाला दूध काढावयास सुरुवात होते. शेळी ही गरिबाची गाय, असे आपण म्हणतो, आणि तिच्यापुढे वाटी घेऊन बसतो. तिळी असतील तर निदान दोन महिने ह्या गाईचे दूध माणसाने काढू नये. चहा कोरा प्यावा. हे बोलणे कडू आहे, पण त्या वाटीत तिसऱ्या करडाचा वाटा असतो, आणि करडू विकून आलेला पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहणारा एकमेव पैसा असतो. तो तिने पोराच्या वह्यांना, दवाखान्याला, माहेरी जाण्याच्या गाडीभाड्याला ठेवलेला असतो. चहा मात्र सगळे पितात.

आणि बाटली धरण्याचे काम घरात कोणाकडे येते? मुलीकडे. माझ्या वर्गात शिकलेल्या दोघी-तिघींनी मला सांगितले आहे की शाळेत असताना शेळी व्याली की आठवडाभर त्यांचा नंबर लागायचा. आई मजुरीला, म्हणून पोरगी घरी. गुरुजी, बाई, तुमच्या हजेरीपटात अशा गैरहजेऱ्या असतील. त्याचे कारण 'आजारी' असे लिहिलेले असते. म्हणून मी मुद्दाम दोनच वेळा सांगितल्या. आई दारात बांधलेली असली की करडे तिला दिवसभर पीत राहतात, आणि बाटली फक्त तूट भरण्यापुरती उरते: एक शाळेच्या आधी, एक शाळेनंतर. दुपारच्या बाटलीची गरज आई नसलेल्या करडालाच पडते. त्या मुलीला दंड करण्याऐवजी तिच्याकडून एक काम करून घ्या. दर रविवारी तिन्ही करडे ताणकाट्याने तोलून वजने वहीत लिहून आणावयास सांगा. करडू झोळीत घालून काट्याला टांगले की झाले. (अंगणवाडीचा काटा मागू नका, तो लेकरांचा आहे.) तीन करडांच्या तीन रेषा आलेखाच्या कागदावर काढा. चांगले करडू दिवसाला ८० ते १०० ग्रॅम वाढते, म्हणजे आठवड्याला अर्धा किलो ते पाऊण किलो. ज्याची रेषा आडवी पडली ते उपाशी आहे, हे त्या मुलीला पशुवैद्याच्या आधी कळेल. आमच्या पदवीच्या विद्यार्थ्यांनाही आलेख शिकवताना मला जो घाम फुटतो, तो तुम्हाला फुटणार नाही.

दोन आठवड्यांनंतर करडांच्या तोंडाच्या उंचीवर शेवरीची किंवा सुबाभळीची कोवळी जुडी टांगून ठेवा. जमिनीवर टाकलेला पाला ती तुडवतात. प्रथम नुसती खेळतात, मग एखादे पान चघळतात. त्यातूनच तो मोठा कप्पा तयार होऊ लागतो आणि दुधाची ओढ कमी होते. सहा-सात आठवड्यांनी बाटली हळूहळू बंद करता येते, आणि तीन महिन्यांनी करडे आईपासून तोडता येतात. तिसरे मात्र तारीख पाहून तोडू नका. थोरल्या भावंडांचे तीन महिन्यांचे जे वजन होते त्याच्याजवळ ते येऊ द्या, मग लागली तर दोन आठवडे अधिक. एखादे करडू हगू लागले, कान पाडून बसले, तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, किंवा १९६२ ह्या क्रमांकावर फोन करा. आपल्या भागात परभणी आणि उदगीर येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तिथली मंडळी शेतकऱ्याला परतवून लावीत नाहीत.

आता विक्रीचे. व्यापारी दारात येतो आणि तिघांकडे पाहून म्हणतो, हे दोन घेतो, तिसरे बारीक आहे, ते ह्यांच्यातच धरा. त्या वेळी मुलीची वजनाची वही बाहेर काढावी. करडे डोळ्यांनी न विकता काट्यावर विकावीत. मग बारीक करडाचेही किलोप्रमाणे पैसे होतात. आणि ते तिसरे पाट असेल तर मी तरी ती एकदम विकणार नाही. जास्त पिले देण्याचा गुण आईकडून लेकीकडे थोडासाच उतरतो, पण उतरतो. फक्त ती जन्मतः लहान होती हे विसरून तिला भावंडांबरोबरच फळवू नये. पहिल्या माजाला नको. ती २०-२२ किलोंची होऊ द्यावी, मग भले तिला आणखी दोन-तीन महिने लागोत. आणि बोकड आपल्याच दावणीचा नको, पलीकडच्या गावचा पाहावा.